बातमी कुठल्या पानावर वाचली?

मी लोणी देवकरहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. रेडिओवरच्या ताईंनी विचारलं, या वेळी कशावर बोलणार? म्हटलं, वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर. त्या हसल्याच. म्हणाल्या, अगं, शेळीपालन सांग, लोणच्याचं मार्केटिंग सांग, वेबसाइटमध्ये आपल्या बायकांना काय गोडी? मी त्यांना एक गोष्ट सांगितली, तीच आधी तुम्हाला सांगते. जिच्यावर बेतली तिनं परवानगी दिलीय, फक्त नाव घ्यायचं नाही एवढीच अट आहे.

आमच्या गटातल्या एक वहिनी. दोन गाई आहेत, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी करायलाच हवी असं सरकारनं जाहीर केलं. सगळीकडे एकच घाई. वहिनींना व्हॉट्सॲपवर एक लिंक आली. उघडली तर वर लाल पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'ब्रेकिंग', खाली मंत्र्यांचा फोटो, त्याखाली बातमी आणि बातमीच्या मधोमध हिरवं बटण : 'ई-केवायसी येथे करा'. त्यांनी दाबलं. आधार नंबर मागितला, दिला. ओटीपी मागितला, दिला. खरी ई-केवायसी करतानाही आधारचा ओटीपी येतोच, म्हणून त्यांना शंका आली नाही. मग खाते नंबर मागितला आणि एटीएम कार्डावरचे आकडे मागितले. तेही दिले. रात्री खात्यातून तीन हजार आठशे रुपये गेले. दुधाचा दहा दिवसांचा पगार होता तो.

सकाळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आधी नवऱ्याला सांगू नको म्हणून रडत होत्या. आम्ही १९३० या नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली, बँकेत जाऊन कार्ड बंद केलं. हा १९३० नंबर लिहून ठेवा, पैसे गेले की पहिल्या तासाभरात लावायचा असतो. आम्हाला उशीर झाला होता. पैसे अजून आलेले नाहीत.

मी त्यांना रागावले नाही. एकच विचारलं, वहिनी, तुम्ही विश्वास का ठेवला? त्या म्हणाल्या, "बातमीसारखंच दिसत होतं की गं. पेपरचंच वाटलं."

ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. बातमीसारखं दिसत होतं, म्हणजे कसं? खऱ्या पेपरची साइट कशी दिसते, हे मला तरी धड सांगता येईल का? मी बी.ए. झालेय, रोज फोनवर बातम्या वाचते, पण कुठल्या पेपरच्या साइटवर काय कुठं असतं, हे कधी नीट बघितलंच नव्हतं. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते, व्याज, वही झाल्यावर मी म्हटलं, आज अर्धा तास जास्त बसायचं. पाच जणींनी फोन काढा.

पाच फोन, पाच साइट. एकीला लोकसत्ता दिला, एकीला महाराष्ट्र टाइम्स, एकीला लोकमत, एकीला सकाळ, एकीला पुढारी. माझ्या फोनवर बीबीसी मराठी आणि इंग्रजीतला द हिंदू. आणि फाट्यावरच्या दुकानातून त्याच दिवशीचा छापील पेपर आणला होता, तो मधे सतरंजीवर पसरला. तेव्हापासून दर मंगळवारी आमचं हे चाललंय. त्यातून जे दिसलं ते सांगते.

पहिली गोष्ट पत्त्याची. दार उघडण्याआधी दारावरची पाटी वाचायची. फोनच्या वरच्या पट्टीत साइटचा पत्ता असतो, तो कुणी वाचतच नाही. सकाळचा पत्ता ई-सकाळ डॉट कॉम, लोकसत्ताचा लोकसत्ता डॉट कॉम, लोकमतचा लोकमत डॉट कॉम, पुढारीचा पुढारी डॉट न्यूज. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा होतो. लाडकी बहीणची खरी साइट लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. पत्ता शेवटाकडून वाचायचा, कारण सुरुवातीला कुणीही काहीही नाव टाकू शकतं. वहिनींनी ती लिंक जपून ठेवली होती. तिच्या पत्त्यात 'लाडकी' होतं, 'योजना' होतं, 'न्यूज'सुद्धा होतं. जीओव्ही मात्र कुठंच नव्हतं.

दुसरी गोष्ट तळाची. छापील पेपरच्या तळाला एक बारीक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठं छापला. आमच्या गटातल्या काकूंना वाटायचं ती जाहिरात असेल. ती ओळ कायद्यानं द्यावी लागते, इंग्रजांच्या काळातल्या १८६७ च्या कायद्यापासून. उद्या काही खोटं छापलं तर कुणाची मानगूट धरायची, ते त्या ओळीवरून कळतं. मोठ्या पेपरांच्या साइटवरही अंगठा सरकवत अगदी खाली गेलं की 'आमच्याविषयी', 'संपर्क', तक्रार कुठं करायची, असं दिलेलं सापडतं. आम्ही पाचही फोनवर शोधलं. कुठं पटकन मिळालं, कुठं शोधून शोधून अंगठा दुखला, कारण खाली जावं तसं नवं काहीतरी येतच राहतं, तळच लागत नाही. वहिनींच्या त्या पानाला तळ होता, पण तिथं एकही नाव नव्हतं.

आता मांडणीकडे येते. या भागात आम्हाला खरी गंमत आली.

छापील पेपरचं पहिलं पान बघा. सगळ्यांत मोठी बातमी वर, मोठ्या अक्षरात. कमी महत्त्वाची खाली. कुणीतरी रात्री बसून ठरवलेलं असतं की आज यातलं काय मोठं आणि काय लहान. तो निर्णय चुकतोही, पण तो माझ्या आणि तुमच्या पेपरात सारखाच असतो. आणि पेपर संपतो. मागचं पान आलं की झालं. काकू म्हणतात, पेपर म्हणजे ताटात वाढलेलं जेवण, आणि फोन म्हणजे लग्नातली पंगत, वाढपी थांबतच नाही.

साइटवर पहिल्या पानावर राजकारण, त्याला चिकटून क्रिकेट, त्याला चिकटून कुठल्या तरी नटीचं लग्न, मग राशिभविष्य, मग उजनीचं पाणी. सगळ्यांचे फोटो सारख्याच मापाचे. उजनीतून किती पाणी सुटणार आणि नटीनं कुठली साडी नेसली, दोन्ही एकाच आकाराच्या चौकोनात. आपल्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या बातमीवर ऊस उभा राहायचा की नाही ते ठरतं. पण चौकोन तेवढाच.

यात फरकही आहेत बरं का. एका मंगळवारी आम्ही पाचही साइटचा माथा वाचून काढला, म्हणजे वर आडव्या पट्टीत जी सदरांची नावं असतात ती. लोकसत्तात अग्रलेख, लेख, विचार यांना ठळक जागा आहे, वाचायला वेळ असेल तर तिथं जावं. लोकमतमध्ये जिल्ह्यांची वेगवेगळी पानं आहेत आणि बायकांसाठी 'सखी' म्हणून आख्खा विभाग आहे. सकाळकडे आपल्या भागातल्या बारीकसारीक बातम्या बऱ्याच मिळतात, आणि त्यांचंच भावंड म्हणजे ॲग्रोवन. हा शेतीचा दैनिक पेपर २००५ साली निघाला. त्याच्या साइटवर बाजारभाव, हवामान, पीकसल्ला असतो. आमच्यातल्या डाळिंबवाल्या बायकांना बाकीच्या चारही साइटपेक्षा हीच आवडली. एक जण म्हणाली, "इथं नटी नाही, बरं वाटलं." बीबीसी मराठी हा काही पेपर नव्हे, २०१७ साली सुरू झालेली साइट आहे. तिच्यावर बातम्या संख्येनं कमी, पण एखादा विषय मुळापासून समजावून सांगितलेला सापडतो. द हिंदूची साइट १९९५ ची, आपल्या देशातल्या पेपरांमध्ये सगळ्यांत आधीची. तिथं मजकूर भरपूर, रंग कमी. बारावीतल्या एका मुलीनं आम्हाला एक बातमी मराठीत करून सांगितली. तीच बातमी मराठी साइटवर चार ओळींत होती.

बायकांच्या विभागांबद्दल माझं थोडं भांडण आहे, ते बोलूनच टाकते. बहुतेक साइटवर 'महिला' किंवा 'लाइफस्टाइल' म्हटलं की पाककृती, केस, त्वचा, रांगोळी. वाईट नाही, मीही वाचते. पण बचत गटाच्या कर्जाची, आशाताईंच्या मानधनाची, पिंक रिक्षाची बातमी या विभागात नसते. ती राजकारणात किंवा 'महाराष्ट्र'मध्ये शोधावी लागते. म्हणजे जिच्या पैशाची बातमी आहे तिला ती सापडायचीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानूबाई बिर्जे 'दीनबंधू'च्या संपादक होत्या. शेतकरी-कामकऱ्यांचा पेपर होता तो. त्यांना कुणी 'तुमचा विभाग रांगोळीचा' म्हटलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, असं मला वाटून जातं.

आता तारखेबद्दल. हे जरा सावकाश ऐका, कारण यात आमच्या काकूंचे पैसे जाता जाता राहिले.

२०२४ च्या जूनअखेर लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये. पहिल्यांदा वयाची अट २१ ते ६० होती. अर्जाची मुदत १५ जुलै. पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नको, अशीही अट होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात हे बदललं. वय ६५ पर्यंत वाढलं, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, जमिनीची अट निघाली. अधिवास दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला यांतलं एक चालेल असं झालं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही असं ठरलं.

काकूंचं वय तेव्हा ६२. सुनेनं फोनवर बातमी शोधली, वाचली आणि सांगितलं, आत्याबाई, साठच्या आतल्यांनाच आहे. काकूंनी कागद परत ट्रंकेत ठेवले. ऑगस्टमध्ये बैठकीत मी सहज विचारलं, तेव्हा कळलं. सुनेला ती बातमी दाखव म्हटलं. बातमी खरी होती, मोठ्या पेपरची होती. फक्त बदलाच्या आधीची होती. तारीख होती, पण लेखकाच्या नावाखाली, करड्या रंगात, मुंगीएवढी. मथळा मात्र बोटभर. सुनेनं मथळा वाचला. कुणीही तेच केलं असतं. काकूंचा अर्ज ३१ ऑगस्टच्या आत गेला, पण धावतपळत.

छापील पेपरात हा घोटाळा होत नाही, कारण जुना पेपर जुना दिसतो. पिवळा पडतो, त्यात भजी बांधलेली असतात. फोनवरची दोन वर्षांपूर्वीची बातमी आजच्यासारखीच ताजी दिसते, फोटोही तसाच चकचकीत. इंग्लंडमध्ये द गार्डियन नावाचा पेपर आहे, त्यांनी यावर २०१९ मध्ये एक साधा उपाय केला. बातमी जुनी असेल तर वर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं येतं, हा मजकूर इतक्या वर्षांपूर्वीचा आहे. बस. एवढी एक पिवळी पट्टी आपल्या मराठी साइटवर आली तर किती सुनांचं काम सोपं होईल.

तोवर आम्ही काय करतो, तर मथळा वाचून झाला की आधी तारीख शोधायची आणि मोठ्यानं वाचायची. काही साइट दोन तारखा देतात, बातमी पहिल्यांदा टाकली ती एक आणि शेवटची दुरुस्ती केली ती दुसरी. दुसरी आपल्या कामाची. योजनेची बातमी असेल तर शासन निर्णय बघायचा. त्याची सरकारी साइट आहे, जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. भाषा जड असते, पण तारीख आणि अटी तिथंच पक्क्या कळतात. समजलं नाही तर अंगणवाडीताईंना किंवा ग्रामपंचायतीत विचारायचं, त्यात कमीपणा नाही.

फोनचा फायदा काहीच नाही असं म्हणत नाही मी. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्याकडे कोण विसरेल? वादळी वारा सुटला आणि करमाळ्याच्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीत उलटली. सात जण होते, एक पोहून बाहेर आले, सहा जण गेले. त्यात लहान लेकरं होती. कळाशी आपल्यापासून किती लांब आहे? छापील पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. त्या रात्री ज्यांची माणसं पलीकडं गेली होती, ती फोनवरच बघत होती. साइटनं ती बातमी रात्रीतून पुन्हा पुन्हा सुधारली, ते काम छापील कागदाला जमणारं नाही. पण त्याच वेळी व्हॉट्सॲपवर त्याच बातमीचे फोटो काढून फिरत होते. फोटोतली बातमी सुधारत नाही. माझ्याकडे दोन-तीन वेगवेगळे आकडे आले होते, कुठला कधीचा ते कळत नव्हतं. म्हणून आता आमच्या गटाच्या ग्रुपवर बातमीचा फोटो टाकायचा नाही, लिंक टाकायची. लिंक उघडली की निदान सुधारलेली बातमी दिसते.

फोनवर पेपर वाचायची सवय आपल्याला लागली ती मुळात टाळेबंदीत. २०२० च्या मार्चपासून पेपरची गाडी यायची बंद झाली, एप्रिलमध्ये तर सरकारनं घरोघर पेपर टाकायलाच मनाई केली. तेव्हा आख्खा पेपर फोनवर यायचा. हे असं वाटू नका म्हणून पेपरवाले सांगत होते, आणि आपण वाटत होतो. आख्खा पेपर पानापानानं जसाच्या तसा फोनवर दिसतो, त्याला ई-पेपर म्हणतात. साइट वेगळी, ई-पेपर वेगळा, हे आमच्या गटात निम्म्या जणींना माहीत नव्हतं. ई-पेपरमध्ये मोठी बातमी मोठी आणि छोटी बातमी छोटीच राहते, जिल्ह्याची पुरवणीही असते. फक्त लहान फोनवर अक्षर ताणून मोठं करावं लागतं, आणि काही पेपरांचा ई-पेपर पैसे भरूनच वाचता येतो.

अक्षरावरून आठवलं. मी इंदापूरला कॉलेजात असताना सायबर कॅफेत बसून मराठी साइट उघडायचे, तर कधी कधी अक्षरांच्या जागी चौकोन आणि इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसायची. तेव्हा बऱ्याच साइटचा स्वतःचा फॉन्ट असायचा. तो आपल्या कॉम्प्युटरवर नसला की वाचता येत नसे. पुढं युनिकोड आलं, म्हणजे अक्षरांची सगळ्या जगानं मान्य केलेली एकच पद्धत. त्यामुळेच आज आपण फोनवर मराठीत 'लोणी देवकर' असं लिहून बातमी शोधू शकतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढला, तेव्हा एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी छापायचे. कुणाला कसं वाचता येईल याचा विचार तेव्हाही करावाच लागला होता.

'लोणी देवकर' असं आम्ही खरंच शोधलं बरं का, पाचही साइटवर. काय निघालं सांगू? हायवेवरचे अपघात. एमआयडीसी. चोरी. निवडणूक. आमच्या गटाची एकच बातमी सापडली, ८ मार्चची, त्यात पाहुण्यांची नावं तीन ओळी आणि गटाचं काम एक ओळ. एक जण म्हणाली, आपण मेल्यावर किंवा सत्काराला गेल्यावरच छापतात वाटतं. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मग ठरवलं, महिन्यातून एकदा गटाच्या कामाची चार ओळींची बातमी लिहून आपल्या भागातल्या वार्ताहरांना पाठवायची. दोन पाठवल्या. एक आली. छापील पेपरात आली, साइटवर नाही आली. का, ते अजून कळलेलं नाही, विचारणार आहे.

जाहिरातीचं सांगायचं राहिलं, आणि वहिनींचं नुकसान तर तिथंच झालं. छापील पेपरात जाहिरातीला चौकट असते. साइटवर बातमीच्या दोन परिच्छेदांच्या मधे जाहिरात बसते, कधी बातमीच्याच अक्षरात. बातमी संपल्यावर खाली 'हेही वाचा' म्हणून चौकोन येतात, त्यातले काही बातमीचे, काही गुडघेदुखीच्या तेलाचे. कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं, 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' किंवा इंग्रजीत 'ॲड'. एका मंगळवारी आम्ही एकच बातमी घेऊन पाच फोनवर मोजलं, मथळ्यापासून मुख्य मुद्द्यापर्यंत जायला अंगठा किती वेळा सरकवावा लागतो. एकीचे तीन झाले, एकीचे अकरा. नावं घेत नाही, कारण दुसऱ्या दिवशी मोजलं तर आकडा बदलायचा. पण अकरावालीच्या वाटेत दोनदा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, एकदा आख्खं पान झाकणारी जाहिरात आली आणि ती बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी. काकूंचं बोट फुलीवर बसेना, जाहिरातच उघडली.

तेव्हा बातमीच्या मधल्या बटणाला हात लावायचा नाही. 'येथे अर्ज करा', 'डाउनलोड', 'यादीत नाव बघा', काहीही असो. अर्ज करायचा असेल तर बातमी बंद करायची आणि सरकारी साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा. पाच मिनिटं जास्त जातात. एटीएम कार्डावरचे आकडे कुठल्याही योजनेला लागत नाहीत. साइट उघडल्या उघडल्या 'सूचना पाठवू का?' असं विचारते, तिथं नको म्हणायचं, नाहीतर भाकरी थापताना फोन दर पाच मिनिटाला टिंग करतो. आणि अक्षर बारीक वाटत असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून आहे, तिथं अक्षर मोठं करता येतं. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, अर्ध्या मिनिटात करून देईल.

एवढ्या जाहिराती का, हे एका जणीनं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. छापील पेपरला आपण थोडे का होईना पैसे देतो, साइट फुकट वाचतो. मग खर्च निघणार कुठून? जाहिरातीतून. जाहिरातीचे पैसे बघणाऱ्यांच्या संख्येवर, म्हणून मथळा असा की बोट थांबलंच पाहिजे. 'ही एक चूक केली तर पैसे बंद!' असलं काहीतरी. चूक कुठली ते मथळ्यात सांगतील तर तुम्ही आत कशाला जाल? आमच्याकडे आता असा मथळा आला की खेळ लावतो, चूक कितव्या परिच्छेदात सापडते ते. काही पेपरांनी निवडक मजकूर पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवलाय. गार्डियन कुणालाही अडवत नाही, पण बातमीखाली वाचकांकडे वर्गणी मागतो. आपल्या सप्ताहाच्या वर्गणीसारखंच की.

यावरून गटात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझं मत, सगळ्यांनी मिळून एका पेपरचा ई-पेपर घ्यावा. वहिनी म्हणतात, छापीलच घेऊ, त्यात बटण नसतं. त्यांच्या म्हणण्यापुढं मला काही बोलता आलं नाही. सध्या छापील सुरू केलाय, चहाच्या पैशातून. रोज एकीच्या घरी जातो, पाळी लावलीय. अट एकच, मंगळवारची बैठक होईपर्यंत त्यात भाकरी बांधायची नाही, डब्याखाली घालायचा नाही.

येत्या मंगळवारी दुपारी तीनला उजनीच्या पाण्याची बातमी पाचही फोनवर काढायची आहे आणि सतरंजीवरच्या पेपरशी लावून बघायची आहे. आजूबाजूच्या गावातल्या गटांपैकी कुणाला यायचं असेल तर या, फोन चार्ज करून आणा. काकू दर वेळी चष्मा विसरतात, म्हणून चष्मा आणायचं काम आता सुनेकडे दिलंय.